काकवीत जेवणारे जीव

एक साधा प्रश्न विचारते. आठवडे बाजारात सुकटीच्या ढिगापुढे उभं राहून त्यातली एक काडी उचलून तुम्ही कधी नीट बघितली आहे का? आमच्या इंदापूरच्या बाजारात सुकट मापानं मिळते. घरी आली की तव्यावर भाजायची, पाखडायची, कांदा-लसूण-तिखटात परतायची आणि भाकरीबरोबर संपवायची. समुद्र इथून दोनशे किलोमीटरच्या पुढे, मध्ये सगळा सह्याद्री. तरी समुद्रातला हा जीव आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या घराघरांत पोचलेला आहे. आपण त्याला खातो. पण तो स्वतः काय खातो, आणि मुख्य म्हणजे कसा खातो, हे कोणी विचारत नाही!

मी मेकॅनिकलच्या टी.ई.ला आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'जंभिका' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा या लेखासाठीच लिहितेय. मराठी माध्यमवाल्यांनी हसू नये. बायॉलॉजीला तर केव्हाच रामराम ठोकलाय. मग हा विषय कशाला? कारण या जिवांचं तोंड म्हणजे अस्सल फ्लुइड मेकॅनिक्सचा प्रॉब्लेम आहे, आणि आपल्या सिलॅबसमधल्या कुठल्याही प्रॉब्लेमपेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे. व्हायवाला विचारणार नाहीत, म्हणून तर निवांत वाचा.

सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. शास्त्रीय नाव असेटिस इंडिकस. मुंबईच्या किनाऱ्यावर कोळी लोक डोल जाळ्यांनी तो पकडतात. लांबी दोन-तीन सेंटीमीटर. एक जवळा कोमट पाण्यात भिजवून भिंगाखाली धरा. (सगळ्यात अखंड दिसणारा निवडा, पाखडताना बहुतेकांचे हातपाय तुटतात.) तो कोळंबीचाच भाऊबंद. या कुळाचं नाव डेकापोडा, म्हणजे दहा पायांचे. पण जवळ्याला चालायच्या पायांच्या फक्त तीन जोड्या असतात, मागच्या दोन जोड्या नाहीतच! दहा पायवाल्यांच्या खानदानात हा सहा पायांवर भागवतो. त्या सहा पायांच्या टोकांना चिमटे आहेत, पण इतके बारीक की साध्या भिंगातून दिसले तर नशीब.

तोंडाजवळ मात्र गर्दी आहे. आधी शृंगिकांच्या दोन जोड्या, म्हणजे ज्यांना आपण मिशा म्हणतो त्या. मग जंभ, म्हणजे चावायचा जबडा. त्याच्या मागे जंभिकांच्या दोन जोड्या. त्यांच्याही मागे जंभपादांच्या तीन जोड्या. 'जंभपाद' हा शब्दच बघा, जबडा आणि पाय एकत्र! आणि ते नुसतं नावापुरतं नाही. कवचधारी प्राण्यांमध्ये हे सगळे अवयव मुळात एकाच नमुन्याचे पाय आहेत. पुढचे काही पाय पिढ्यानपिढ्या तोंडाच्या कामाला लागले आणि त्यांचा आकार बदलला. १९९७ साली मायकेलिस अॅव्हरॉफ आणि निपम पटेल यांनी वेगवेगळ्या कवचधारी प्राण्यांच्या भ्रूणांत एक ठरावीक जनुक कुठपासून काम सुरू करतो ते पाहिलं. जिथे तो जनुक गप्प आहे तिथल्या पायाचा जंभपाद होतो, जिथे चालू आहे तिथे पाय पायच राहतो. पुढे २००९ मध्ये एका छोट्या कवचधाऱ्यात हा जनुक मुद्दाम दाबून बघितला, तर चालायच्या पायाच्या जागी जंभपादासारखा अवयव उगवला. आपल्या भाषेत सांगायचं तर ब्लँक एकच, फक्त मशीनिंग वेगळं.

जवळ्याच्या पोटात काय सापडतं? डायटम नावाची सूक्ष्म शैवालं, कुजका कचरा, आणि त्याच्याहून लहान कवचधारी, म्हणजे कोपेपॉड. खरी गंमत इथून सुरू होते. जवळा निदान डोळ्याला दिसतो, हातात धरता येतो. कोपेपॉड साधारण एक मिलिमीटरचा. नावाचा अर्थ ग्रीकमध्ये 'वल्ह्यासारखे पाय असलेला'. समुद्रात, तळ्यात, विहिरीत, धरणात, जिथे पाणी तिथे हा. आपल्या उजनीच्या बॅकवॉटरमध्येही आहे. म्हणजे यापुढचं बघायला कोकणात जायची गरज नाही.

आता जरा रेनॉल्ड्स नंबर आठवा. (ज्यांची फ्लुइडची के.टी. आहे त्यांची आधीच माफी मागते.) वेग गुणिले आकार, भागिले द्रवाची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी. जडत्व जास्त जोरात की चिकटपणा, हे सांगणारा आकडा. दोन मीटरचा माणूस सेकंदाला एक मीटर वेगानं पोहत असेल तर आकडा येतो वीस लाख. म्हणजे चिकटपणा आपल्या गिनतीतच नाही. हात मारला की शरीर पुढे सरकतं, हात थांबवला तरी सरकत राहतं.

कोपेपॉडच्या जंभिकेवर बारीक केसांची फणी असते. एक केस समजा पाच मायक्रॉन जाड, आणि तो सेकंदाला दोन मिलिमीटर वेगानं हलतोय. गणित करा. आकडा येतो ०.०१. वीस लाख कुठे आणि एक शतांश कुठे! त्या केसाच्या दृष्टीनं पाणी पाणी राहतच नाही.

मग ते कसं असतं? याचं उत्तर आमच्या इंदापूर-बारामतीच्या पोरांना सगळ्यात सोपं आहे, कारण आम्ही गुऱ्हाळावर वाढलेलो. काकवीत बोट घालून बघा. काकवी पाण्याच्या समजा पाच हजार पट घट्ट धरली, आणि दीड सेंटीमीटर जाडीचं बोट सेकंदाला एक सेंटीमीटर सरकवलं, तर रेनॉल्ड्स नंबर येतो ०.०३. म्हणजे जवळपास कोपेपॉडच्या केसाच्याच पट्ट्यात. आता चार बोटं थोडी फाकवून काकवीतून ओढा. बोटांच्या फटींमधून काकवी गाळून मागे जाते का? फारशी नाही. ती बोटांबरोबरच ओढली जाते. फट असून नसल्यासारखी! प्रत्येक बोटाभोवती काकवीचा जाड थर चिकटलेला असतो आणि शेजारशेजारच्या बोटांचे थर एकमेकांत मिसळतात. तुमचा पंजा तिथे चाळण नसतो, वल्हं असतं.

हे एवढं लांबण का लावलं? कारण शास्त्रज्ञसुद्धा बरीच वर्षं कोपेपॉडच्या तोंडाला चाळणच समजत होते. १९२८ साली ग्रॅहम कॅनन यांनी कोपेपॉडच्या खाण्याचं वर्णन केलं. समुद्रातली एक जात आणि गोड्या पाण्यातली एक जात घेऊन त्यांनी लिहिलं की पाय हलून भोवरे तयार होतात, पाणी जंभिकेच्या फणीतून आपोआप गाळलं जातं आणि शैवाल मागे अडकतं. मेलेल्या कोपेपॉडचा फोटो मायक्रोस्कोपखाली बघितला तर कोणालाही हेच वाटेल. केसांवर आणखी बारीक केस, मध्ये काही मायक्रॉनच्या फटी. हुबेहूब चहाची गाळणी! मग पुढे फटींची मापं घेऊन 'हा एवढ्या आकाराचं खातो, तो तेवढ्या आकाराचं' अशी गणितंसुद्धा मांडली गेली.

हे चित्र बदललं ते १९८०-८१ च्या सुमारास, आणि बदलणारं यंत्र होतं हाय-स्पीड कॅमेरा. रुडी स्ट्रिकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत कोपेपॉड एका जागी चिकटवून, मायक्रोस्कोपमधून सेकंदाला शेकडो फ्रेमच्या वेगानं त्याचं जेवण चित्रित केलं. १९८१ साली मिमी कोएल आणि स्ट्रिकलर यांचा जो पेपर आला त्यात एक साधी युक्ती होती. बारीक नळीतून कोपेपॉडजवळ रंगाची धार सोडायची, आणि पाणी कुठे जातं ते बघायचं. ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची धार सोडून जे केलं, आणि आपण लॅबमध्ये जे करून जर्नलमध्ये उतरवतो, तेच! फक्त नळीच्या जागी एक किडा.

रंगानं काय दाखवलं? पाणी फणीतून गाळलं जातच नव्हतं. बहुतेक वेळ दुसरी जंभिका गप्प बसून असते. बाकीचे चार जोड अवयव, म्हणजे मागची शृंगिका, जंभाच्या पाठीमागची फांदी, पहिली जंभिका आणि जंभपाद, सेकंदाला कित्येक वेळा फडफडतात आणि पाण्याचा एक संथ प्रवाह अंगाजवळून नेतात. जणू कन्व्हेयर बेल्ट. त्यावरून शैवालाचा कण आला की अवयवांची फडफड एका बाजूला बदलते आणि कण असलेलं पाणी तोंडाकडे वळतं. मग दुसऱ्या जंभिकेची जोडी एकदम बाहेर फेकली जाते. आता काकवीतला पंजा आठवा. फणीतून पाणी निसटत नाही, म्हणून दोन फण्या लांब गेल्या की त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेत पाणी ओढलं जातं, आणि पाण्याबरोबर कण येतो. मग दोन्ही फण्या आवळतात. पाणी पिळून बाहेर, कण आत. एका थेंबाहून कितीतरी लहान पाण्याचा गोळा पकडून तो पिळायचा, असं हे जेवण आहे. चाळणीनं नाही, ओंजळीनं!

पण फणी नेहमीच वल्हं असते असं नाही. हे मला सगळ्यात भारी वाटलं. १९८७ साली चीअर आणि कोएल यांनी गणितानं दाखवलं की रेनॉल्ड्स नंबर एक शतांशाच्या आसपास किंवा खाली असेल तर केसांमधली फट थोडी वाढवली काय, कमी केली काय, विशेष फरक पडत नाही. पण आकडा एक दशांशाच्या पुढे गेला की तीच फणी दाताळ्यासारखी वागायला लागते, पाणी मधून जायला लागतं. म्हणजे नुसता वेग वाढवून किंवा केस फाकवून तोच अवयव वल्ह्याचा दाताळं होऊ शकतो. आपण यासाठी दोन पार्ट, एक अॅक्चुएटर आणि तीन ड्रॉइंग शीट वापरू.

आता कण आलाय हे त्याला कळतं कसं? कोपेपॉडला एकच साधा डोळा, उजेड-अंधार समजण्यापुरता. तो वास घेतो. प्रत्येक शैवालाभोवती त्यातून झिरपणाऱ्या रसायनांचं एक अदृश्य कवच असतं. प्रवाह संथ आणि चिकट असल्यामुळे ते कवच ढवळून विस्कटत नाही, ते ताणलं जातं आणि लांबट होऊन कणाच्या आधी येऊन पोचतं. पाहुण्याच्या आधी त्याचा निरोप यावा तसं! आपल्यासारख्या वीस लाखवाल्यांच्या जगात, जिथे सगळं ढवळून निघतं, तिथे हा फंडा चालला नसता.

पकडलेलं शैवाल जंभाकडे जातं. डायटमला सिलिकाचं कवच असतं, म्हणजे जवळपास काचेचा डबा. तो फोडायला बऱ्याच सागरी कोपेपॉडच्या जंभाच्या दातांवरही सिलिकाचेच टोप असतात. आणि २०१२ साली मिशेल्स आणि गोर्ब यांना या दातांमध्ये रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रथिनही सापडलं. कडक टोप आणि खाली लवचीक पदार्थ, म्हणजे चावताना धक्का बसला तरी टोप तडकू नये. कार्बाइड टिप लावलेलं टूल आणि खाली डॅम्पिंग! वर्कशॉपच्या सरांना दाखवायला पाहिजे.

आता आमच्या शेतातलं सांगते. आमच्याकडे ऊस आणि डाळिंब ठिबकवर आहे आणि पाणी बॅकवॉटरचं. ठिबकच्या ड्रिपरची वाट इतकी बारीक की आधी सँड फिल्टर, मग साधारण १२० मेशचा स्क्रीन फिल्टर लावावा लागतो. उन्हाळ्यात पाणी हिरवं झालं की पप्पांचं अर्ध काम फिल्टर धुण्याचं. प्रेशर गेजकडे बघायचं, दोन्ही बाजूंच्या दाबात फरक वाढला की बॅकवॉश मारायचा, जाळी काढायची, ब्रशनं घासायची. जाळीवर जो हिरवट-तपकिरी लेप बसतो त्यात शैवालाबरोबर हजारो कोपेपॉडही असतात. एका बाजूला दहा हॉर्सपॉवरची मोटर जबरदस्तीनं पाणी जाळीतून ढकलतेय आणि दर तासाला चोक होतेय. दुसऱ्या बाजूला त्याच जाळीवर चिकटलेला एक मिलिमीटरचा जीव, ज्यानं पाणी जाळीतून ढकलायचंच नाही असं ठरवून टाकलंय. सगळं पाणी गाळायचं नाही, ज्यात कण आहे तेवढंच पाणी पकडायचं. यावरून कोणाला प्रोजेक्ट करायचा असेल तर मला जरूर भेटा, आमच्याकडे टेस्टिंगला चोक झालेले फिल्टर भरपूर आहेत.

इथपर्यंत मी ज्यांच्याबद्दल लिहिलं ते शाकाहाराकडे झुकणारे. लांब मिशा पसरून पाण्यात तरंगणारे. गोड्या पाण्यात त्यांचा प्रतिनिधी डायाप्टोमस आणि त्याचे सगेसोयरे. पण त्याच पाण्यात दुसरा एक कोपेपॉड आहे, आणि तो आपल्या आजी-आजोबांच्या आयुष्यात फार वाईट पद्धतीनं येऊन गेलाय. सायक्लॉप्स. ग्रीक कथेतल्या एका डोळ्याच्या राक्षसाचं नाव, कारण याच्या डोक्यावर मधोमध एकच डोळा.

सायक्लॉप्सच्या तोंडाजवळ फणी नाही. तिथे आहेत आकडे. जंभिका आखूड, जाडजूड आणि टोकाला नखांसारखे काटे. तो प्रवाह वगैरे तयार करत बसत नाही. उड्या मारत फिरतो, जवळ काही वळवळलं की पाण्यातली हालचाल त्याला मिशांवरच्या केसांनी कळते, आणि तो झडप घालतो. आकड्यांनी धरायचं, जंभाकडे सारायचं, खलास. वळवळणारं जे दिसेल ते भक्ष्य.

नारूच्या कृमीची पिल्लं पाण्यात नेमकी अशीच वळवळतात.

माझी आजी तिच्या माहेरची गोष्ट सांगते. गावात पायऱ्यांची विहीर होती. बाया पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागर भरायच्या. "अगं, शेजारच्या आत्याच्या पायातून निघाला होता. रोज काडीवर वाईच गुंडाळायचा. वढला की तुटायचा, मग पाय लई सुजायचा. ऐन पेरणीत माणूस खाटंवर." मी विचारलं, "आजी, तुला भीती नाही वाटायची पाणी प्यायची?" तर म्हणाली, "दुसरं पाणी होतं का बाई?"

आजीच्या या वाक्यानंतर मी गप्प बसले आणि मग वाचायला लागले. चक्र असं आहे. नारूची मादी साठ सेंटीमीटर ते एक मीटर लांब, शेवयीसारखी. माणसाच्या शरीरात साधारण वर्षभर वाढते आणि बहुतेक वेळा पायाजवळ कातडीखाली येते. तिथे फोड येतो, आगआग होते. माणूस पाय पाण्यात घालतो, कारण थंड वाटतं. पाणी लागताच मादी लाखो पिल्लं पाण्यात सोडते. पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून थोडं लांब, धाग्यासारखं. थोड्या दिवसांत त्याला सायक्लॉप्सनं खाल्लं नाही तर ते मरतं. खाल्लं, तर ते पचत नाही. सायक्लॉप्सच्या आतड्याची भिंत भेदून त्याच्या शरीरात शिरतं आणि सुमारे दोन आठवड्यांत माणसाला बाधण्याइतकं तयार होतं. मग कोणीतरी घागर भरतं, सायक्लॉप्ससकट पाणी पितं, आणि पुन्हा एक वर्ष.

सायक्लॉप्सचा यातला भाग १८७० च्या सुमारास अलेक्सेई फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञानं मध्य आशियात शोधून काढला. आता बघा, सगळं चक्र एका तोंडाच्या रचनेवर लटकलंय. वळवळणारं दिसलं की झडप घालायची ही सायक्लॉप्सची सवय, तीच नारूला हवी. आणि चक्र तोडण्याची जागाही तिथेच. नारूवर लस नाही, खात्रीचं औषध नाही. पण सायक्लॉप्स एक मिलिमीटरच्या आसपास आहे! कापडातून पाणी गाळलं की तो वर राहतो. पिल्लू एकटं कापडातून गेलं तरी ते माणसाला बाधत नाही, कारण सायक्लॉप्सच्या आत त्याची वाढ झालेली नसते. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून पोहऱ्यानं पाणी शेंदायचं, म्हणजे पायच पाण्यात जाणार नाही. हापसे बसवायचे. पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारायचे. भारतात १९८३-८४ पासून ही मोहीम चालली. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. आपल्या पिढीतल्या कोणी नारू बघितलेला नाही, याचं श्रेय फडक्याला, हापशाला आणि गावोगाव विहिरी तपासत फिरलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना.

आजी अजून घागरीच्या तोंडाला फडकं बांधते. घरात मोठा वॉटर प्युरिफायर आहे, तरीही आधी फडकं! आणि तिच्या बाजूनं पुरावा आहे. कॉलऱ्याचे जंतू कोपेपॉडच्या अंगाला चिकटून राहतात. रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशच्या खेड्यांत बायकांना जुनी सुती साडी चार पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवलं. २००३ साली निकाल छापून आला, कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी उतरलं होतं. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन धागे फुगतात आणि फटी बारीक होतात. चार पदरांत फट साधारण वीस मायक्रॉनवर येते. आमच्या स्क्रीन फिल्टरपेक्षा सहापट बारीक, आणि खर्च शून्य.

सायक्लॉप्सला नुसता व्हिलन करून सोडणं मात्र बरोबर नाही. त्याच कुळातला मेसोसायक्लॉप्स डासांची नुकती बाहेर पडलेली पिल्लं त्याच आकड्यांनी धरून खातो. व्हिएतनामच्या खेड्यांत पाण्याच्या टाक्यांमध्ये हे कोपेपॉड सोडून डेंग्यूचा डास बऱ्याच ठिकाणी संपवला गेला. हत्यार तेच, फक्त समोर कोण वळवळतंय त्यावर सगळं.

आता पुन्हा उजनीकडे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी करत भीमेत आणि भीमेतून या ११७ टीएमसीच्या धरणात येतं. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शैवाल माजतं. उन्हाळ्यात बॅकवॉटरच्या कडेला हिरव्या रंगाचा थर दिसतो. मग कोणी म्हणेल, कोपेपॉड आहेत ना, खातील की! इथे त्यांचं चोखंदळ तोंडच आड येतं. साधं हिरवं शैवाल किंवा डायटम असेल तर ते आवडीनं खातात. पण निळ्या-हिरव्या शैवालांच्या काही जाती विषारी असतात, आणि त्यांच्या वसाहती मोठ्या, बुळबुळीत. डायाप्टोमससारखा कोपेपॉड प्रत्येक घास चव घेऊन पकडतो, आणि असा घास तो टाकून देतो. पाण्यातली डॅफ्निया नावाची पिसवेसारखी दिसणारी कवचधारी तेवढी चव घेत बसत नाही, पण तिची फणी या वसाहतींनी चोक होते आणि तिला ती शेपटीकडच्या नखानं सारखी साफ करावी लागते. आमच्या पप्पांसारखंच! म्हणजे चांगलं शैवाल खाल्लं जातं, वाईट शिल्लक राहतं, आणि जागा मोकळी झाली की वाईट आणखी पसरतं. हिरव्या पाण्याचा प्रश्न धरणातले किडे सोडवणार नाहीत. तो वरच्या अंगाला, जिथे सांडपाणी नदीत येतं तिथेच सुटू शकतो, आणि वरच्या अंगाला आपल्यातले निम्मे लोक पुढे नोकरी करणार आहेत.

जाता जाता भिगवणच्या पाहुण्यांबद्दल. दर हिवाळ्यात बॅकवॉटरवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो येतात आणि पुण्याहून कॅमेरेवाल्यांच्या गाड्या येतात. रोहितच्या चोचीत कंगव्यासारखी जाळी असते, आणि तोही 'पाणी गाळून खाणारा' म्हणूनच पुस्तकात असतो. २०२५ साली चिलियन फ्लेमिंगो या जातीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ते नुसतं गाळत नाहीत. पायांनी तळ ढवळतात, डोकं झटक्यानं वर ओढून भोवरा तयार करतात आणि त्या भोवऱ्यात बारीक कवचधारी जीव अडकवतात. रेनॉल्ड्स नंबर हजारांत, त्यामुळे भोवरे करणं त्यांना परवडतं. कोपेपॉडला ते जमलं नसतं, म्हणून त्यानं पिळायची पद्धत काढली.

ज्यांना हे डोळ्यांनी बघायचं असेल त्यांच्यासाठी. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बॅकवॉटरच्या कडेला जा, गाळाच्या जागी पाय टाकू नका. बारीक कापडाची पिशवी पाण्यातून दहा-बारा वेळा ओढा आणि ती उलटी करून काचेच्या ग्लासात धुवा. ग्लासामागे काळा कागद धरा, बाजूनं टॉर्च मारा. जे पांढरे ठिपके संथ सरकतात आणि ज्यांच्या दोन लांब मिशा आडव्या पसरलेल्या दिसतात ते डायाप्टोमसचे नातेवाईक. मादीच्या पोटाशी अंड्यांची एकच पिशवी असेल. जे टुणटुण उड्या मारतात, मिशा आखूड, आणि मादीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या, ते सायक्लॉप्स. आता ड्रॉपरचं टोक हळूच एखाद्याजवळ न्या आणि पाणी ओढा. तो तिथे नसेल! धोका कळताच तो सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या शेकडो पट वेगानं निसटतो, आणि तेवढ्या क्षणापुरता त्याचा रेनॉल्ड्स नंबर शेकड्यांत गेलेला असतो. कॅल्क्युलेटर बरोबर ठेवा.